लोकलला हिरवं, लॅम्डावर लाल: दूध बिल प्रकल्पाच्या नोंदी

२ जून २०२५, सोमवार

जुना फ्लास्कचा (पायथनची वेब फ्रेमवर्क) एकच मोठा ॲप फोडून त्याची ॲमेझॉनच्या क्लाउडवर चालणारी तीन लॅम्डा फंक्शन करायचं काम चालू आहे: बिल, दर आणि एसएमएस. बिल म्हणजे संकलन केंद्रावर दूध घालणाऱ्यांचं दहा दिवसांचं बिल, दर म्हणजे फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) दिलं की लिटरचा भाव काढून देणारं, आणि एसएमएस म्हणजे बिल तयार झालं की मेसेज सोडणारं. तिघांना लागणारा दरपत्रकाचा कोड कॉमन नावाच्या फोल्डरमध्ये, आणि हे सगळं मिळून सोर्स फोल्डरमध्ये. पायथन ३.१२, रीजन मुंबई, डिप्लॉय (वर चढवणं) सॅम या ॲमेझॉनच्या टूलने.

आज पहिल्यांदा वर चढवलं. लोकलला (आपल्या मशीनवर) पायटेस्ट, म्हणजे टेस्ट चालवणारं टूल, पूर्ण हिरवं, डिप्लॉय पण बिनतक्रार, आणि दहा मिनिटांत फ्रंटएंडवाल्याचा फोन की सगळीकडे ५०२ (सर्व्हर एरर) येतंय. क्लाउडवॉच (ॲमेझॉनवरचे लॉग) उघडलं तर हे:

"रनटाइम.इम्पोर्टमॉड्यूलएरर: अनेबल टू इम्पोर्ट मॉड्यूल 'ॲप': नो मॉड्यूल नेम्ड 'सोर्स'"

या मेसेजने माणूस हमखास चकतो कारण आधी दिसतं 'ॲप' इम्पोर्ट होत नाही, मग तो ॲप.पाय फाइल झिपमध्ये आहे का ते शोधत बसतो, ती तर असतेच. खरं कारण शेवटच्या कोलनच्या पुढे असतं. इथे ॲप सापडलंय, त्याच्या पहिल्याच ओळीतलं "फ्रॉम सोर्स.कॉमन इम्पोर्ट दरपत्रक" अडकलंय.

मुदत ठरलेली आहे: ११ ते २० जूनचं बिल २१ तारखेला नवीन सिस्टीमवरून निघायला पाहिजे. उत्पादकांचे पैसे त्यावर अडकलेले असतात त्यामुळे "बघू पुढच्या बिलाला" असं म्हणायची सोय नाही.

३ जून, मंगळवार

अंदाज लढवण्यापेक्षा दोन्हीकडे सिस.पाथ (इम्पोर्ट करताना पायथन ज्या फोल्डरांत शोधतो त्यांची यादी) प्रिंट करून शेजारी शेजारी ठेवला, आणि लॅम्डावर /व्हार/टास्क मध्ये (आपला कोड तिथे उघडतो) नक्की काय काय आहे त्याची पण यादी काढली.

लॅम्डावर पाथमध्ये पहिला /व्हार/टास्क, मग लेयरचे (फंक्शनला वेगळा जोडता येणारा सामायिक कोड) /ऑप्ट/पायथन खालचे फोल्डर, मग रनटाइमचं स्वतःचं. आणि /व्हार/टास्कमध्ये फक्त ॲप.पाय, रिक्वायरमेंट्सची फाइल आणि पिपने टाकलेली पॅकेजेस. सोर्स नाही, कॉमन नाही, काहीच नाही. कारण सॅमच्या टेम्प्लेटमध्ये कोडयूआरआय, म्हणजे कोडचा फोल्डर, "सोर्स/बिल" दिलंय, आणि सॅम बिल्ड त्या फोल्डरच्या आतलं तेवढंच उचलतो. म्हणजे आपल्या रेपोमधलं सोर्स नावाचं घर वर जातच नाही, त्यातली एक खोली तेवढी जाते, आणि कोड मात्र घराचा पत्ता विचारत फिरतोय.

मग लोकलला कसं चालतं? तर रेपोच्या मुळाशी एक रिकामी कॉनफटेस्ट.पाय पडलेली आहे, कुणी कधी ठेवली गिटला विचारावं लागेल. पायटेस्टला कॉनफटेस्ट दिसली की तो तिचा फोल्डर सिस.पाथच्या सुरुवातीला घालतो, झालं, मुळाशी उभं राहून सोर्स दिसणारच. ती काढून टाकली तरी सीआयमध्ये (टेस्ट आणि बिल्ड आपोआप चालवणारा सर्व्हर) हिरवंच, कारण तिथे कमांड "पायथन -एम पायटेस्ट" अशी आहे आणि -एम लावलं की चालू फोल्डर आपोआप पाथवर येतो. दोन्ही काढलं, नुसतं पायटेस्ट मारलं, तेव्हा कुठे लोकलला लाल झालं, आणि एरर तंतोतंत लॅम्डाचीच. आता निदान दर वेळी डिप्लॉय न करता बघता येईल.

ग्रुपवर पहिला सल्ला नेहमीचाच आला, "इनिट फाइल टाक सगळ्या फोल्डरमध्ये". पायथन ३.३ पासून इनिट नसलेला फोल्डर पण इम्पोर्ट होतो, आणि इथे तर फोल्डरच वर पोचलेला नाही, त्यात इनिट असून काय करणार.

४ जून, बुधवार

दुसरा नेहमीचा सल्ला, ॲपच्या डोक्यावर सिस.पाथ.अपेंड करून एक पायरी वर जा. धाकट्या सहकाऱ्याने ब्रँचवर तसं केलं पण होतं. लॅम्डावर /व्हार/टास्कच्या एक पायरी वर /व्हार, तिथे आपलं कॉमन कुठून येणार. शिवाय हे अपेंड एकदा शिरलं की प्रत्येक नवीन फाइलमध्ये कॉपी पेस्ट होत जातं आणि वर्षभराने कुठला पाथ कशासाठी आहे हे कुणालाच सांगता येत नाही. माझं मत स्पष्ट आहे, प्रॉडक्शन कोडमध्ये सिस.पाथला हात लावायचा नाही.

उरले दोन रस्ते. एक, कोडयूआरआय सरळ "सोर्स" करा आणि हँडलर (लॅम्डा ज्या फंक्शनला हाक मारतो त्याचं नाव) "बिल.ॲप.हँडलर" असा लांब द्या. चालतं, पण मग प्रत्येक फंक्शनमध्ये सगळ्यांचा कोड आणि एकच सामायिक रिक्वायरमेंट्स, म्हणजे बिलाच्या पीडीएफसाठी लागणारा सगळा बारदाना एसएमएसच्या डोक्यावर. दोन, कॉमनचा लेयर. लेयरची झिप /ऑप्टमध्ये उघडते आणि पायथन त्यातला "पायथन" नावाचा फोल्डर बघतो, म्हणून झिपमध्ये सगळ्यात वरचा फोल्डर त्याच नावाचा लागतो, नाहीतर लेयर जोडलेला दिसतो आणि इम्पोर्ट काही होत नाही. सॅमला बिल्डमेथड सांगितली की तो हे स्वतः करतो. एका फंक्शनला पाचच लेयर आणि फंक्शन धरून उघडलेला आकार २५० एमबी, आपल्याला दोन्ही भरपूर.

लेयर घेतला. इम्पोर्ट बदलले: "फ्रॉम कॉमन इम्पोर्ट दरपत्रक". बिल आणि दर वर चालू झाले! गायीचं ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ टाकून बघितलं, भाव कागदावरच्या दरपत्रकाशी जुळला.

एसएमएस पडलं, आणि भलत्याच ठिकाणी पडलं. ट्रेसबॅक बोटो३ (ॲमेझॉनच्या सेवा वापरायची लायब्ररी) मधून बोटोकोअरमध्ये, तिथून यूआरएललिब३ मध्ये, आणि तिथे तक्रार की क्यू मॉड्यूलमध्ये हवा तो क्लासच नाही. बघणाऱ्याला वाटणार लायब्ररीचं व्हर्जन बिघडलं, आणि अर्धा तास पिन केलेली व्हर्जन्स वर खाली करण्यात गेलाच. कारण साधं निघालं: एसएमएसच्या फोल्डरमध्ये आपलीच क्यू.पाय आहे, एसक्यूएसमध्ये (ॲमेझॉनची मेसेजची रांग) मेसेज टाकणारी. आधी ती "सोर्स.एसएमएस.क्यू" होती त्यामुळे कुणाच्या अध्यात ना मध्यात. आता ती थेट /व्हार/टास्कमध्ये आली आणि तो पाथ सगळ्यात पुढे, म्हणून पायथनच्या स्टँडर्ड क्यूच्या जागी सगळ्या जगाला आपली क्यू मिळायला लागली. तात्पुरतं नाव बदलून रांग.पाय केलं.

५ जून, गुरुवार

टेस्ट नवीन रचनेवर आणल्या. पायटेस्ट ७.० पासून कॉन्फिगमध्ये "पायथनपाथ" लिहिता येतं, तिथे तिन्ही फंक्शनचे फोल्डर आणि लेयरचा फोल्डर टाकले, कॉनफटेस्ट कायमची उडवली. सगळं हिरवं. जरा जास्तच पटकन हिरवं झालं म्हणून कव्हरेज रिपोर्ट (टेस्टमध्ये कोडच्या किती ओळी चालल्या ते) काढला, तर एसएमएसच्या ॲप.पायला शून्य टक्के.

शून्य कसं? एसएमएसच्या टेस्ट पास होताहेत की! तर तिन्ही फोल्डरमध्ये फाइलचं नाव ॲप.पाय. एसएमएसची टेस्ट म्हणते "फ्रॉम ॲप इम्पोर्ट हँडलर", पायथन सिस.मॉड्यूल्समध्ये बघतो, ॲप नावाचं काहीतरी आधीच लोड झालेलं आहे, बिलाचं, तेच काढून हातात देतो. एकदा नाव तिथे लागलं की तो पाथवर परत शोधायला जातच नाही. आणि आपल्या एसएमएसच्या टेस्ट म्हणजे काय, रिकामा इव्हेंट दिला की ४०० येतो का आणि हेल्थ चेकला २०० येतो का, बिलाचा हँडलर पण तेच देतो. आठवड्यातला सगळ्यात घाण प्रकार हा, कारण लाल तरी दिसतं, हे हिरवं होतं.

लॅम्डावर हा घोळ होत नाही कारण तिथे एका फंक्शनला एकच ॲप. म्हणजे या वेळी वर बरोबर आणि लोकलला चूक, नेहमीच्या उलट.

६ जून, शुक्रवार

फाइलींची नावं बिल_ॲप, एसएमएस_ॲप अशी करावीत असं कालपर्यंत ठरत होतं. आज बिलाच्या पीडीएफवाल्या कोडमुळे ते मोडलं. तिथे "फ्रॉम .पीडीएफ इम्पोर्ट" असा टिंबवाला इम्पोर्ट आहे, आणि लॅम्डाने सांगितलं "अटेम्प्टेड रिलेटिव्ह इम्पोर्ट विथ नो नोन पेरेंट पॅकेज".

लॅम्डाचा पायथन रनटाइम हँडलरचं नाव शेवटच्या टिंबावर तोडतो, डावीकडचा भाग इम्पोर्टलिबच्या इम्पोर्ट_मॉड्यूलला देतो, उजवीकडचं फंक्शन त्यातून काढतो. हँडलर "ॲप.हँडलर" असेल तर डावीकडे नुसतं "ॲप", त्याला पॅकेजचा आईबाप कुणी नाही, मग टिंब कुठल्या फोल्डरबद्दल बोलतंय ते त्याला कळणार कसं. पण हँडलर "बिल.ॲप.हँडलर" दिला तर डावीकडे "बिल.ॲप", पॅकेज आलं, टिंब चाललं.

म्हणून शेवटची रचना अशी: फंक्शन्स/बिल हा कोडयूआरआय, त्याच्या आत अजून एक बिल नावाचा फोल्डर, इनिट फाइलसकट, आणि सगळा कोड त्याच्यात. बाहेरच्या फोल्डरमध्ये फक्त रिक्वायरमेंट्स. दिसायला बिल/बिल विचित्र दिसतं, रिव्ह्यूला मॅडमनी विचारलंच की हे डबल का. पण यात तिन्ही भानगडी एका दमात मिटतात: टिंबवाले इम्पोर्ट चालतात, बिल.ॲप आणि एसएमएस.ॲप वेगळी नावं झाली म्हणून सिस.मॉड्यूल्समध्ये टक्कर नाही, आणि क्यू.पाय आता एसएमएस.क्यू झाली म्हणून स्टँडर्ड लायब्ररीच्या वाटेत नाही. रांग.पायचं परत क्यू.पाय केलं, गिटमध्ये उगाच आवाज नको म्हणून.

एसएमएसच्या टेस्ट खऱ्या ॲपवर चालवल्या, लगेच दोन पडल्या. छान.

९ जून, सोमवार

नवीन एरर: "नो मॉड्यूल नेम्ड 'पायडँटिक_कोअर._पायडँटिक_कोअर'". पायडँटिक (डेटा तपासणारी लायब्ररी) आहे, पायडँटिक_कोअर आहे, त्याच्या पोटातलं तेवढं नाही.

लेयरचा फोल्डर उघडून बघितला. फाइल आहे, पण नाव "_पायडँटिक_कोअर.सीपायथन-३१२-डार्विन.एसओ". डार्विन म्हणजे मॅक. पायडँटिकच्या दुसऱ्या आवृत्तीपासून गाभा रस्टमध्ये लिहिलेला आहे आणि तो त्या त्या मशीनसाठी कंपाइल होऊन येतो. लिनक्सवरचा पायथन शेपटीला "एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू" वगैरे शोधतो, डार्विनवाल्याकडे तो ढुंकून पण बघत नाही, म्हणून "फाइल खराब आहे" न म्हणता सरळ "नाहीच" म्हणतो. नम्पायचं पण हेच होतं.

सॅम बिल्ड तर लिनक्सचीच व्हील्स (तयार बांधलेली पॅकेजेस) आणतो, मग हे आलं कुठून? थर्ड पार्टीवाला लेयर सॅम बनवत नाही, तो जुन्या मेकफाइलमधून "पिप इन्स्टॉल -टी" करून बनतो आणि आज तो मॅकवरून बनला. लिनक्सवाल्या लॅपटॉपवरून बनला की चालायचा, म्हणून इतके दिवस कळलं नाही. मेकफाइलमधली ती ओळ बदलली: पिपला प्लॅटफॉर्म "मेनीलिनक्स२०१४_एक्स८६_६४", पायथन व्हर्जन ३.१२, आणि ओन्ली-बायनरी ऑल. हे शेवटचं नसेल तर पिप वेगळा प्लॅटफॉर्म मागितला की काम करायलाच नकार देतो, आणि ते बरोबरच आहे, सोर्समधून कंपाइल करायला गेला तर परत आपल्याच मशीनचं बनेल.

चर्चा निघाली की फंक्शन एआरएमवर नेऊ, मॅक पण एआरएम, मग जुळेल. नाही जुळत. प्रोसेसर एक असला तरी मॅकचं व्हील मॅकचं आणि लिनक्सचं लिनक्सचं. एआरएम स्वस्त पडतं म्हणून न्यायचं असेल तर नंतर खुशाल नेऊ.

एक लक्षात ठेवण्यासारखं: लॅम्डाचा ३.१२ ॲमेझॉन लिनक्स २०२३ वर आहे, जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३४. ३.८ ते ३.११ ॲमेझॉन लिनक्स २ वर, जीलिबसी २.२६. मेनीलिनक्स२०१४ ला २.१७ पुरतं म्हणून ते दोन्हीकडे चालतं, पण काही पॅकेजेस आता मेनीलिनक्स_२_२८ चीच व्हील्स देतात, ती ३.११ वर चढवली तर "जीलिबसी व्हर्जन नॉट फाउंड" म्हणून रडतात. दुसऱ्या टीमचा ३.११ वरचा प्रकल्प आपला लेयर उचलायच्या विचारात आहे, त्यांना हे कळवलं.

११ जून, बुधवार

सीआयवरून डिप्लॉय केलं की "कॅननॉट इम्पोर्ट नेम 'दरपत्रक' फ्रॉम 'कॉमन'", लॅपटॉपवरून केलं की चालतं. कोड तोच, ब्रँच तीच, कमिट तोच.

"गिट एलएस-फाइल्स" मारलं तेव्हा दिसलं. गिटच्या लेखी फाइलचं नाव अजून कॅपिटल डीने सुरू होतं. मॅकवर कुणीतरी फाइंडरमध्ये ते स्मॉल केलं, मॅकची डिस्क कॅपिटल स्मॉल यात फरक करत नाही, गिटचं इग्नोरकेस चालू, त्यामुळे गिटला बदल झालाय हेच कळलं नाही. सीआय लिनक्सवर, तिथे चेकआउटमध्ये जुनं नाव आलं. गंमत म्हणजे इम्पोर्टच्या ओळीत कुणी कॅपिटल स्मॉल चुकवलं असतं तर पायथनने मॅकवर पण पकडलं असतं, तो अक्षरं जुळवूनच बघतो. इथे डिस्कवर बरोबर नाव आणि गिटमध्ये चुकीचं, म्हणून मॅकवर त्याला काही वावगं दिसलंच नाही. "गिट एमव्ही" ने नाव बदललं, मिटलं.

यापुढे लॅपटॉपवरून डिप्लॉय बंद. परवानगीच काढून घेतली, सूचना लिहून कोण ऐकतंय.

१३ जून, शुक्रवार

आतापर्यंत जे जे सापडलं त्यात टेस्टचा लॉजिक कधी चुकला नव्हता. टेस्ट रेपोवर चालतात आणि लॅम्डावर जातं ते बिल्ड, या दोन वेगळ्या वस्तू आहेत, मग बिल्डवर पण टेस्ट पाहिजे. सीआयमध्ये पायरी वाढवली: सॅम बिल्ड झाल्यावर ॲमेझॉनची लॅम्डा पायथन ३.१२ वाली डॉकर इमेज घ्यायची, बिल्डचा फोल्डर /व्हार/टास्कला जोडायचा, लेयर /ऑप्टला, आणि टेम्प्लेटमधून हँडलरची नावं वाचून प्रत्येकाचं इम्पोर्ट_मॉड्यूल करून फंक्शन तिथे आहे का एवढंच बघायचं. इव्हेंट नाही, डेटाबेस नाही. चाळीसेक ओळींचं स्क्रिप्ट. जुन्या कमिटांवर मुद्दाम चालवून बघितलं, सोर्सवालं, टिंबवालं, डार्विनवालं आणि क्यूवालं, चारही पकडले.

कंटेनरला रेपोचा फोल्डर दिसता कामा नये हे मात्र सांभाळायचं, नाहीतर परत तेच, मागच्या दाराने सोर्स पाथवर येतं आणि सगळं हिरवं. कंटेनरबाहेर असलं काही चालवायचं असेल तर पायथन ३.११ पासून -पी नावाचा पर्याय आहे, तो चालू फोल्डर किंवा स्क्रिप्टचा फोल्डर पाथच्या सुरुवातीला घालत नाही.

१६ जून, सोमवार

नवीन पायरीतून पण एक निसटलं. स्टेजवर (प्रॉडक्शनआधीची चाचणीची जागा) केंद्राच्या सचिवांसाठीचा एक्सेल डाउनलोड दाबला की "नो मॉड्यूल नेम्ड 'डिस्टयूटिल्स'". एक्सेलची लायब्ररी जुनी, ती फंक्शनच्या आत इम्पोर्ट होते, म्हणून नुसतं हँडलर इम्पोर्ट करून कळत नाही. डिस्टयूटिल्स ३.१२ मधून काढूनच टाकलंय. लोकलला चालत होतं कारण व्हेन्वमध्ये (प्रकल्पापुरतं वेगळं पायथन) सेटअपटूल्स होतं आणि ते स्वतःकडचं डिस्टयूटिल्स गुपचूप पुढे करतं.

सेटअपटूल्स रिक्वायरमेंट्समध्ये घालून वेळ मारून नेता आली असती. नाही घातलं, लायब्ररी बदलली, तिचं आपण एकच काम वापरत होतो. फंक्शनच्या आतले इम्पोर्ट शोधून वर आणले, दोन सोडून, त्यांना कारण होतं म्हणून तिथे कॉमेंट टाकली आणि स्क्रिप्टमध्ये त्यांची नावं हाताने वाढवली.

२० जून, शुक्रवार

पालख्या पुण्यात, रस्ते बंद, सगळे घरून. स्टेजवर ११ ते १९ चा डेटा घालून पूर्ण बिल काढून बघितलं.

दराच्या फंक्शनमध्ये म्हशीचा भाव जुना येतोय. इम्पोर्टची एरर नाही, काही नाही, फक्त ६.० फॅट, ९.० एसएनएफला गेल्या महिन्याचा आकडा. एकतर दरपत्रकात घोळ, नाहीतर जुनंच दरपत्रक इम्पोर्ट होतंय. मॉड्यूलची डबल अंडरस्कोर फाइल (ते कुठून लोड झालं तो पाथ) प्रिंट केली, /ऑप्ट/पायथन/कॉमन, जागा बरोबर. मग लेयरचं व्हर्जन बघितलं. लेयरचं एकदा काढलेलं व्हर्जन बदलता येत नाही, प्रत्येक पब्लिशला नवीन नंबर पडतो आणि फंक्शन ज्या नंबरला बांधलेलं तोच वापरत राहतं. बिल आणि एसएमएसमध्ये टेम्प्लेटमधला रेफ आहे म्हणून ते आपोआप पुढे सरकले, दरमध्ये कुणीतरी लेयरचा पूर्ण एआरएन (ॲमेझॉनवरचा पत्ता) नंबरसकट चिकटवलेला. तो काढून रेफ लावला. सीआयच्या स्क्रिप्टमध्ये अजून एक तपासणी, टेम्प्लेटमध्ये लेयरचा कच्चा एआरएन दिसला की थेट लाल.

२१ जून, शनिवार

सकाळी साडेसहाला बिल लावलं. सगळ्या केंद्रांचं निघालं, मेसेज गेले. एका केंद्राच्या सचिवांचा फोन आला पण तो कपातीच्या रकान्याबद्दल, पशुखाद्याची उधारी वेगळी दाखवा म्हणून. त्याचं तिकीट काढलं.

राहिलेलं: जुनी मेकफाइल उडवून थर्ड पार्टी लेयर पण सॅममधूनच बनवायचा. बिलाचं पहिलं इन्व्होकेशन हळू आहे, "-एक्स इम्पोर्टटाइम" लावून बघितलं तर निम्म्याहून जास्त वेळ पांडाज ही डेटाची लायब्ररी खातेय आणि ते फक्त एका बेरजेसाठी, ते काढायचं. पुढचं बिल १ जुलैला.